अठ्ठावीस चिंचोके

वीस किलोचं वजन खरोखर वीस किलो आहे का, हे पाहायला दुसरं वीस किलोचं वजन लागतं.

चिंचोका नीट धुऊन उन्हात वाळवला तर त्याला वर्षानुवर्षं काही होत नाही.

बिशपच्या सागवानी खुर्चीत एक तांबडी कोंबडी बसली होती.

तांब्याची घागर सकाळी भरून ठेवली की पाणी संध्याकाळपर्यंत गार राहतं.

पोस्टकार्डावर बारीक अक्षरात वीस-बावीस ओळी मावतात. मला तीन लागल्या.

कोपरगावची गाडी सव्वाचारला.

*

गाडी सव्वाचारला आहे हे मला पानटपरीवाल्यानं सांगितलं, तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. साल शहाण्णव, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. हंगाम सुरू व्हायच्या आधी साखर कारखान्यांना उसाच्या गाड्या तोलायचे काटे तपासून घ्यावे लागतात. ते काम मी करायचो. एका कारखान्याचं उरकलं होतं, दुसरा कोपरगावच्या पलीकडे होता, आणि मधे हिवरगोठ्याच्या फाट्यावर गाडी बदलायची होती. पहिली गाडी उशिरा पोचली, दुसरी वेळेवर निघून गेली होती.

तीन तास इथं काय करायचं, असं विचारलं तर टपरीवाल्यानं हनुवटीनं गावाकडे दाखवलं.

"कॅथेड्रल बघा की. लांबून लांबून लोक येतात."

शेवटचे कधी आले होते, म्हटलं.

त्यानं पानाला चुना लावता लावता आठवून पाहिलं. "झाली असतील तीनेक वर्षं."

*

काळ्या दगडाची ती इमारत गावापेक्षा मोठी दिसत होती. तीन बाजूंनी ज्वारी आणि चौथ्या बाजूला एक आळी. दारातल्या फरशीवर कोरलं होतं की दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून एका मिशनऱ्यानं हे बांधायला काढलं, वडारांनी दगड घडवले आणि बांधकाम सात वर्षं चाललं. पुढं अकरा वर्षं बिशप या गावात राहिला, म्हणून हे नुसतं देऊळ न राहता कॅथेड्रल झालं. मग पाण्याला कंटाळून बिशप शहरात गेला. त्याची खुर्ची इथंच राहिली.

आत कोणी नव्हतं. मी लांबी पावलांनी मोजली, एक्केचाळीस भरली. वेदीच्या बाजूला ती खुर्ची होती आणि तिच्यात कोंबडी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

दाराशेजारी मनोऱ्याच्या पोटात एक खोली होती. छताच्या भोकातून जाड दोर खाली आला होता. त्याचं टोक हातांनी घासून काळं, गुळगुळीत झालं होतं. वर घंटा असणार. माझ्या धंद्याची एक खोड आहे: लटकलेली वस्तू दिसली की तिचं वजन किती असेल याचा अंदाज घ्यायचा. मी दोर थोडा ओढून पाहिला.

तीनशे किलोच्या आसपास, असा अंदाज आला आणि घंटा वाजली. एकदाच, पण पायाखालच्या फरशीपर्यंत.

*

एका पायात चप्पल घातलेला एक म्हातारा धावत आत आला. अंगात खाकी सदरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"किती झाल्या?"

"एक."

"एकच ना? नक्की?"

नक्की, म्हटलं. तो तसाच दाराकडे वळला आणि आळीच्या दिशेनं ओरडला, "पाहुणा आहे, पाहुणा. काही झालेलं नाही. जा घरात."

मी त्याच्या मागून पाहिलं. आळीतल्या बायका दारात आल्या होत्या. एकीनं तान्हं मूल पाळण्यातून उचलून आणलं होतं आणि त्याचा पाय मुठीत घट्ट धरला होता. पिठाची गिरणी बंद पडली होती. म्हाताऱ्याचं ओरडणं ऐकून ती पुन्हा सुरू झाली.

त्याचं नाव योनातान उजागरे. देवळाची किल्ली त्याच्याकडे, झाडलोट त्याच्याकडे, घंटाही त्याच्याकडे, अशी एकतीस वर्षं झाली होती. दुसरी चप्पल शोधून आणल्यावर त्यानं मला सगळं शांतपणे सांगितलं. इथं माणूस गेलं की जितकं वय, तितके टोल. लोक शेतात असोत की बाजारात, हातातलं काम थांबवून मोजतात. सत्तर-ऐंशी वाजल्या की कोण ते कळतंच. तिशी-चाळिशीत थांबली की गाव धावत येतं. एकच वाजली, तर वर्षाच्या आतलं लेकरू.

मोजण्यात चूक होऊ नये म्हणून चिंचोके असतात. पूर्वी कुणाला लिहिता येत नव्हतं, तेव्हा मूल झालं की त्याच्या नावाची पुरचुंडी करायची आणि दर नाताळला तीत एक चिंचोका टाकायचा, अशी रीत पडली. माणूस गेलं की घरची माणसं पुरचुंडी घेऊन देवळात येतात. एकजण दोर ओढतो, दुसरा प्रत्येक टोलाला एक चिंचोका दानाच्या थाळीत टाकतो. चिंचोके संपले की घंटा थांबते. "आता दाखले आहेत, वह्या आहेत," योनातान म्हणाला, "पण माझा चिंचोक्यावर विश्वास आहे."

मी माफी मागितली. काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. कुठं निघालात, काम काय करता, गाडी कितीची, पाळकसाहेबांच्या ओळखीचे का, परत इकडे यायचा योग आहे का. शेवटच्या दोन्ही प्रश्नांना मी नाही म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. "बसा. मी आलोच. कोंबडीवर लक्ष ठेवा, ती खुर्चीतच अंडं घालते."

*

तो एका बाईला घेऊन आला. साठीची असेल. दारातच तिनं वहाणा काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि पहिल्या बाकाच्या कडेला बसली. तिच्या हातात तपकिरीची जुनी डबी होती. ही सालोमीबाई शेलार, सगळे सालूबाई म्हणतात, असं योनाताननं सांगितलं, आणि मग तिच्या देखत तिची हकीकत सांगितली. ती मधे मधे नुसती मान हलवत होती.

तिचा एकुलता मुलगा तीमथ्य. घरात तीमा. सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये परीक्षेचा निकाल पाहायला सायकलवरून तालुक्याला गेला. निकाल चांगला होता, पास झाला होता. सायकल तिथल्या स्टँडवर सापडली. तीमा सापडला नाही. पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला, नवरा शोध घेता घेता खचून गेला आणि त्याचीही घंटा झाली. नऊ वर्षं निघून गेली होती.

या देवळात दोन याद्यांतली नावं वाचतात. एक दर रविवारी, आजाऱ्यांची. दुसरी वर्षातून एकदा, दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांची. त्या दिवशी कबरी सारवून प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लावतात. तीमाचं नाव पहिल्या यादीत चार वर्षं होतं. मग पाळकसाहेब बदलले आणि नव्यांनी ते काढून टाकलं. तो आजारी आहे असं कुठं आपल्याला माहीत आहे, ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. मग दुसऱ्या यादीत घाला, असं सालूबाई म्हणाली, तर ते म्हणाले की देह नाही, दाखला नाही, घंटा झालेली नाही, कसं घालू?

"ज्याची घंटा झाली त्याचं नाव मात्र वाचावंच लागतं," योनातान म्हणाला. "सगळ्या गावानं मोजलेलं असतं. नाही म्हणायची सोय नाही. पण मला बजावलंय. त्या पोराची घंटा वाजवलीस तर किल्ली ठेवून घरी जायचं."

त्यानं कमरेचा जुडगा चाचपला.

"आता एखादा पाहुणा आला. त्याला काय ठाऊक आपली रीत. त्यानं दोर ओढला. माझं जेवण चाललं होतं."

दोन नोव्हेंबर पाच दिवसांवर होता. पाळकसाहेब आदल्या दिवशी येणार होते.

मी घड्याळात पाहिलं. दोनला पाच कमी होते. दोर ओढायला माझी काही हरकत नव्हती. मला त्यात कष्टापलीकडे काही दिसत नव्हतं. मी विचारलं, किती वाजवायच्या?

तिथं त्यांचं अडलं. ते आधीपासूनच अडलेलं होतं.

योनातान म्हणाला, एकोणीस. गेला तेव्हा एकोणीस होते, नंतर ते वाढवायलाच नको होते. सालूबाई म्हणाली, अठ्ठावीस. तिनं दर नाताळला टाकले होते, एकही चुकवला नव्हता. ती एखाद्या साध्या हिशेबासारखं बोलत होती, रडत नव्हती. योनातान म्हणाला, अठ्ठावीस वाजवायच्या तर तो आत्ता, या वर्षी मेला असं होतं. ती म्हणाली, आणि एकोणीस वाजवायच्या तर त्याच दिवशी स्टँडवर मेला असं होतं. तुला काय माहीत?

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. परका माणूस म्हणून असेल, काट्याचा माणूस म्हणून असेल.

मी म्हणालो की हे मला कसं सांगता येईल.

"जाताना सायकलीला कुलूप लावलं त्यानं," सालूबाई मला म्हणाली. "किल्ली सोबत नेली. ज्याला परत यायचं नसतं तो कुलूप कशाला लावील? म्हणून मी टाकत राहिले."

"लावतात," मी म्हणालो.

हे मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. तिनं मान वर केली.

"मी निघालो त्या सकाळी घागर भरून ठेवली होती. विहीर लांब होती आमची."

"कुठून निघालात?" योनाताननं विचारलं.

"घरून. कुडाळकडून."

"कामासाठी?"

"नाही. सतराव्या वर्षी. चौदा वर्षं झाली."

कोंबडी खुर्चीतून उतरली आणि फरशीवर नखं वाजवत दाराबाहेर गेली. तिनं अंडं घातलं होतं. योनातानचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आई हाये?" सालूबाईनं विचारलं.

"असेल."

"असंल म्हंजे?"

मी खुर्चीतल्या अंड्याकडे पाहिलं.

"लिहीत का नाहीस रे?"

ती तोवर मला तुम्ही म्हणत होती.

मी सांगितलं. सांगायला फार नव्हतं. भावाशी भांडण झालं होतं, कशावरून ते सांगायचीही लाज वाटावी इतकं लहान. पहिलं वर्ष रागात गेलं. मग राग उतरला, पण तोवर वर्ष झालेलं. लिहायचं तर वर्षभर का लिहिलं नाही तेही लिहायला हवं. पुढच्या वर्षी दोन वर्षांचं. पत्र दर वर्षी लांबत गेलं. शेवटी ते एवढं झालं की ते लिहायला बसणं म्हणजे एखादं मोठं काम अंगावर घेणं झालं, आणि मला कामं होतीच.

"येवढं कशाला लागतं?" ती म्हणाली. "आहे म्हणून लिहायचं. एक ओळ."

"हो."

"मारलं होतं का आईनं?"

"नाही."

"कधीच?"

"नाही."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी नजर खाली वळवली. तिच्या पायाच्या अंगठ्यावर शेणाचा वाळलेला शिंतोडा होता.

"म्हंजे तोबी असाच असंल," ती म्हणाली. "कुठंतरी असाच बसलेला. दुसऱ्यांच्या देवळात."

योनातान उठला. मग राहू द्या, तो हळूच म्हणाला, पोरगं जिवंत असलं तर घंटा कशाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. मला वाटतं, त्याला त्याची किल्ली वाचलेली दिसत होती.

सालूबाईनं डबीचं झाकण काढलं आणि चिंचोके बाकावर ओतले. बोटानं एकेक सरकवत तिनं मोजले. अठ्ठावीसच होते. मग हाताच्या कडेनं तिनं त्यांचे दोन भाग केले, लहान भाग ओंजळीत घेऊन परत डबीत टाकला आणि झाकण लावलं.

"एकोणीस वाजव," ती मला म्हणाली.

"सालूबाई, एकदा वाजली की परत फिरवता येत नाही."

"ठाऊक हाये, योनातान. मी काय आज आले का या गावात?" ती उठून थाळी घ्यायला गेली आणि जाता जाता, पाठमोरी, बोलली. "कुलूप लावून गेला ते पोरगं काही येत न्हाई आता. आला तर हा असा कुणी मोठा बाप्या यील. मी त्याला वळखणार न्हाई. भाकरी घालीन. त्याचे नऊ हाईत माझ्यापाशी."

*

योनातान जेवायला घरी गेला. खरोखरच गेला, त्याला खोटं बोलायचं नव्हतं.

एक. चिंचोका पितळी थाळीत पडला, त्याचा आवाज घंटेच्या आवाजाखाली झाकला गेला.

दोन. तीन. गिरणी बंद झाली.

चार. वजनाचा माझा अंदाज चुकला होता. चारशेच्या पुढे असणार.

पाच. सहा. सात. दारातून आळी दिसत होती. बायका बाहेर आल्या, मुलांना हाका मारत.

आठ. नऊ. दहा.

अकरा. आता लहान लेकरू नाही हे कळल्यावर त्या मुलांना सोडून उभ्या राहिल्या.

बारा. तेरा. ज्वारीतून दोन माणसं बांधावर आली.

चौदा. दोर तळहाताला भाजायला लागला. सालूबाई थाळीवर वाकली होती. तिचे ओठ हलत होते, आकडे म्हणत होती की दुसरं काही, मला ऐकू येत नव्हतं.

पंधरा. सोळा.

सतरा. इथं माझा हात चुकला. दोर निसटला आणि पुढचा टोल उशिरा पडला. लोकांना वाटलं संपलं. एक बाई पदराचं टोक तोंडाशी नेऊन धावायला निघाली.

अठरा.

एकोणीस.

थाळी भरली नव्हती, तळाला एक थर झाला होता. मी दोर सोडला. आवाज विरायला एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. धावत निघालेली बाई मधेच थांबली होती. एकोणीस वर्षांचं आजारी माणूस गावात कोणी नव्हतं. बांधावरच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग दुसऱ्यानं काढली. कोण, असं कोणीच विचारलं नाही.

त्या दिवशी पुन्हा गिरणी सुरू झालेली मी ऐकली नाही.

*

तीन वाजता योनातान भेटवही घेऊन आला. पाळकसाहेबांना दाखवायला कागद हवा, तो म्हणाला. आधीची नोंद त्र्याण्णव सालची होती. तारीख, नाव, पत्ता, अभिप्राय. अभिप्रायात मी त्याच्या सांगण्यावरून लिहिलं: घंटा मी स्वतः वाजवली, मला कोणी सांगितले नाही. दुसरं वाक्य त्यानं दोनदा वाचून घेतलं.

पत्त्याच्या रकान्यात मी कोपरगावच्या लॉजचं नाव लिहिलं होतं. सालूबाई शेजारी उभी होती. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचलं तिनं.

"हे घर हाये?"

"लॉज."

"मग खोड."

मी खोडलं. वर, रेघांच्या मधल्या जागेत, घर लिहिलं. वाडीचं नाव लिहिताना हात अडला. त्यातला एक ऱ्हस्व की दीर्घ ते आठवत नव्हतं. पिनकोड मात्र आठवला.

योनाताननं मला चहा दिला आणि कोंबडीचं अंडं उकडून दिलं. देवळाचं आहे, असंही सांगितलं. टपरीपर्यंत सोडायला कोणी आलं नाही. टपरीवाल्यानं माझ्याकडून पानाचे पैसे घेतले नाहीत. गाडी वीस मिनिटं उशिरा आली.

पोस्टकार्ड मी दुसऱ्या दिवशी कोपरगावला घेतलं आणि काउंटरवर उभ्या उभ्याच लिहिलं. आईच्या नावानं. मी आहे. काटे दुरुस्त करतो. खालच्या पत्त्यावर डिसेंबरपर्यंत असेन.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकावर माझ्या नावाचं जाड पाकीट आलं. अक्षर भावाचं होतं. आधी एक पोस्टकार्ड हाताला लागलं, घरच्या पत्त्यावर आलेलं, वाडीच्या नावात तीच चूक असलेलं. भावानं ते आत घालून पुढं पाठवलं होतं.

सलाम. दोन तारखेस नाव वाचले. पाळकसाहेब फार रागावले, मग वही पाहून गप्प झाले. किल्ली माझ्याकडेच आहे. सालूबाई विचारते की लिहिलेस का. नाताळास ती दहावा टाकणार आहे. आपला, योनातान उजागरे.

पोस्टकार्डाच्या खाली भावाचं पत्र होतं. ते दोन पानी होतं. ते मी काट्याच्या चौथऱ्यावर बसून वाचलं. मागं उसाच्या गाड्यांची रांग उभी होती.

*

माझी आई पंच्याण्णव सालच्या जुलैत वारली. ती त्रेपन्न वर्षांची होती.